हरकत असल्यास सांगावी

गेल्या महिन्यात नातवानं मोबाइल माझ्यासमोर डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाला, आजी, नवीन बिशपचा दीक्षाविधी लाइव्ह आहे, बघ. मी मेथी निवडत होते. एवढ्याशा पडद्यावर तो सगळा थाट बघायला मजा येत होती. जांभळे झगे, उंच टोप्या, हार, आणि कॅमेऱ्यासमोरून वाकून पळणारा कुणीतरी पांढऱ्या शर्टातला माणूस, जो अशा प्रत्येक विधीला असतोच. मग अध्यक्ष बिशपनी मंडळीकडं तोंड करून ठरलेला प्रश्न विचारला. या मनुष्याला बिशपपदाची दीक्षा देण्यास कोणाची हरकत असल्यास त्याने आता उभे राहून सांगावे. पडद्यावर सगळं गप्प झालं. नातू म्हणाला, नेटवर्क गेलं वाटतं. मी म्हटलं, गेलं नाही रे, इथं एवढं थांबतात. तो दुसऱ्या खोलीत निघून गेला. मी मोबाइल पालथा घातला आणि पुढचा विधी बघितलाच नाही.

तो प्रश्न मी समोरासमोर एकदाच ऐकला आहे, विसाव्या वर्षी, आणि त्या वेळी मांडवात शांतता टिकली नाही. त्या दिवसाबद्दल मी नवऱ्यालाही कधी धड सांगितलं नाही. आठवण निघाली की जेवणाच्या पंगतींचं सांगायचं आणि विषय बदलायचा, हे मला आता इतकं सवयीचं झालंय की पंगतीच जास्त आठवतात.

माझे वडील, म्हणजे पप्पा, वसमतकडच्या कुरुंद्याच्या पलीकडच्या एका खेड्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणजे पाद्री होते. मंडळी मूळची अँग्लिकन मिशनची. मिशनरी साहेब केव्हाच निघून गेले होते, पण घंटा, वेदीवरची पितळी शमादानं, काळ्या पुठ्ठ्याचं उपासनापुस्तक आणि कोणत्या ओळीला उभं राहायचं, कोणत्या ओळीला गुडघे टेकायचे याची शिस्त मागं ठेवून गेले होते. आमच्या घराला गाव बंगला म्हणायचं. बंगला कसला, दोन खोल्या आणि वर पत्रे. मधल्या दाराला लाकडी फळ्या नव्हत्या, आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. सकाळी जाग यायची ती तीन आवाजांनी. चुलीपाशी आई भाकरी थापायची त्याचा, पुढच्या खोलीत पप्पा येरझाऱ्या घालत रविवारचं प्रवचन स्वतःलाच ऐकवायचे त्याचा, आणि चर्चच्या आवारात राहेलमावशीच्या खराट्याचा. पप्पांचा आवाज खर्जातला होता. ते रागावले तरी आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. त्यांनी मला कधी मारलं नाही, फक्त खोटं बोललेलं सापडलं की समोर बसवून विचारायचे, तुला हे शोभतं का? मला त्यापेक्षा मार परवडला असता.

राहेलमावशी नात्यानं आमची कुणी नव्हती. विधवा बाई, मजुरी करून चर्च सांभाळायची. झाडायचं, घंटा वाजवायची, वेदीवरची चादर धुऊन आणायची. हळद शिजवायच्या दिवसांत तिला कढईवर काम असायचं, आणि मग महिनाभर तिच्या हातांचा वास आणि रंग जायचा नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सगळी उपासना पाठ होती, पाळक एखादी ओळ चुकले तर मान वर करून बघायची. तिला एकच मुलगा होता, योहान. त्यानं तांड्यावरच्या एका मुलीशी तांड्याच्या रीतीनं लग्न केलं, म्हणून मंडळीच्या कमिटीनं त्याचं नाव रजिस्टरातून कमी केलं. पुढं दोन वर्षांनी विहिरीवरची मोटार चालू करताना करंट लागून तो गेला. त्याला आमच्या कब्रस्तानात जागा मिळाली नाही. दगडी भिंतीच्या बाहेर, नाल्याच्या बाजूला, बाभळीखाली त्याला पुरला. त्या वेळी मी नऊ वर्षांची होते. ह्यावर गावात कुणी बोलायचं नाही, आणि राहेलमावशी दर रविवारी वेळेवर घंटा वाजवायची.

पप्पा बिशप म्हणून निवडून आले ही बातमी आली तेव्हा गावाला काय करावं ते सुचेना. सरपंच हार घेऊन आले. शेजारच्या बुद्धवाड्यातले गुरुजी पेढे घेऊन आले आणि त्यांनी हळूच विचारलं की बिशप कलेक्टरच्या वर असतो की खाली. पप्पा हसून म्हणाले, बाजूला असतो. खरं तर असा दीक्षाविधी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये होतो. पण पप्पांनी हट्ट धरला की ज्या मंडळीनं मला भाकरी दिली तिच्या समोरच व्हायला हवा, आणि धर्मप्रांताच्या लोकांना मान तुकवावी लागली. मग आमच्या घरात तीन आठवडे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शाळेच्या मैदानावर मांडव, जवळा बाजारहून भांडी, वसमतहून आचारी. पाहुण्यांना मटण आणि मटण न खाणाऱ्यांना वांग्याची भाजी, वर बुंदी. जांभळा झगा शिवायला आईनं वसमतच्या ओळखीच्या टेलरकडं कापड दिलं, तर त्यानं माप घेता घेता विचारलं, वहिनी, नाटक कोणतं बसवलंय? आई ते सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आईला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

माझ्याकडं काम होतं बायकांना उत्तरं शिकवण्याचं. मी तेव्हा वसमतच्या कॉलेजात होते, आवाज बरा होता, आणि पाळकाची मुलगी म्हटल्यावर असली कामं न मागता गळ्यात पडतात. अध्यक्ष बिशप काही प्रश्न विचारतात आणि मंडळीनं एका सुरात उत्तर द्यायचं असतं. रोज दुपारी लिंबाखाली मी पंधरावीस बायका बसवायची आणि अध्यक्ष बिशपसारखा आवाज काढून विचारायची, या मनुष्याला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे काय? त्या म्हणायच्या, होय, आमची इच्छा आहे. कुणी आधी, कुणी मागून, कुणी पदरात तोंड घालून हसत. हरकतीचा प्रश्न आला की मी सांगायची, इथं काही बोलायचं नाही, गप्प बसायचं. राहेलमावशी तेव्हा म्हणाली, मग इचारतात काहून? मी म्हटलं, रीत आहे मावशी. ती म्हणाली, बरं. एवढंच.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा केली, म्हणजे केली नाही. चर्चच्या दारावर तीन रविवार एक छापील कागद चिकटवलेला होता. पप्पांचं नाव, आणि खाली, कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेच्या आत लेखी कळवावी. राहेलमावशी रोज त्या दारासमोर झाडायची. तिनं मला विचारलं, काय लिहिलंय गं हे? मी घाईत होते. म्हटलं, पप्पांचं नाव आहे. तिनं पदरानं हात पुसून त्या कागदावरून एकदा बोटं फिरवली.

विधीच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. मिरवणूक चर्चपासून मांडवापर्यंत आली. पुढं क्रूस, मागं पेटी आणि ढोलकी, त्यामागं पाळक, आणि शेवटी तीन बिशप. पप्पा साध्या पांढऱ्या झग्यात होते, जांभळा झगा डोक्यावर हात ठेवून झाले की मगच चढवायचा असतो. मांडव खचाखच भरला होता. तांड्यावरची माणसं मागं उभी होती, बुद्धवाड्यातल्या बायका आपापल्या मुलांना घेऊन कनातीच्या कडेला बसल्या होत्या. मंडळीची उत्तरं सुरू करून द्यायची म्हणून मला वेदीच्या डाव्या बाजूला, हातात माइक देऊन उभं केलं होतं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नवी साडी होती, आणि सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.

अध्यक्ष बिशप गोरेगोमटे, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी हरकतीचा प्रश्न विचारला आणि पुस्तकाचं पान उलटायला बोट पुढं नेलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बांगड्यांचा आवाज झाला. राहेलमावशी शेजारणीच्या खांद्यावर हात टेकून उठत होती. तिचे गुडघे दुखायचे, उठायला तिला वेळ लागला. मला आधी वाटलं, तिला बाहेर जायचंय.

ती म्हणाली, "मी राहेल, चर्च झाडते. हरकत म्हंजे काय ते मला नीट कळत न्हाई. पण तुमी इचारून राहिले म्हणून सांगते. माझा योहान भिताडाच्या भायेर पुरला हाय. त्याच्यावर कुनी प्रार्थना केली न्हाई. पाळकसाहेबाला बोलवायला मी त्यांच्या दारात गेले हुते. ते आले न्हाईत."

पेटीवाल्याचा हात भात्यावर होता, भाता दबला आणि पेटीतून एक सूर निघाला, तोही त्यानं घाबरून थांबवला. एवढ्या वर्षांत असं कधी कुठं झालं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं की झाल्यावर पुढं काय करायचं असतं. धर्मप्रांताचे वकील पहिल्या रांगेत बसले होते, ते उठून अध्यक्ष बिशपच्या कानाशी लागले. मी जवळ असल्यामुळं मला ऐकू आलं. ते सांगत होते की हरकत लेखी यायला हवी होती, मुदत संपली आहे, पुढं चला. अध्यक्ष बिशपनी मान हलवली नाही. ते म्हणाले, पुस्तकात मी आत्ता प्रश्न विचारतो असं लिहिलंय. उत्तर आलं तर ऐकायला नको का? आणि त्यांनी पप्पांकडं बघून विचारलं की या बाईंचं म्हणणं खरं आहे का. खरं असेल तर हा विधी आज होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मला पप्पांची काळजी वाटली नाही. माझी खात्री होती की पप्पा खरं सांगतील. कदाचित गुडघे टेकतील, माफी मागतील, बिशपपद जाईल, आईची हौस जाईल, पण खरं सांगतील. पप्पा त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणाले, "योहानला पुरला त्या दिवशी मी गावात नव्हतो. नांदेडला गेलो होतो. भिंतीबाहेर पुरायचा निर्णय कमिटीचा होता. मी असतो तर नक्की गेलो असतो."

पप्पा त्या दिवशी घरात होते. मागच्या खोलीत, पडद्याआड, वेताच्या खुर्चीत. कमिटीतले सगळ्यात वजनदार गृहस्थ, ज्यांच्या जमिनीवर आमची शाळा उभी होती, ते सकाळीच येऊन सांगून गेले होते की तुम्ही त्या पोराच्या मातीला गेलात तर निम्मी मंडळी उद्यापासून येणार नाही. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. अंगणात राहेलमावशीची हाक आली तेव्हा पप्पा उठले नाहीत. मला म्हणाले, सांग, पप्पा घरी नाहीत, नांदेडला गेलेत. मी पडदा बाजूला करून बाहेर गेले आणि तसं सांगितलं. राहेलमावशीच्या केसांत माती होती, पायांत चप्पल नव्हती. ती तशीच वळून गेली. मी आत आले तेव्हा आईचं भाकरी थापणं थांबलेलं होतं आणि तव्यावरची भाकरी करपत होती. पप्पांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, तुला हे शोभतं का म्हणून.

हे सगळं मांडवात मला एका क्षणात आठवलं. मी आईकडं बघितलं, ती खाली मान घालून साडीची किनार बोटांनी सरळ करत होती. मी पप्पांकडं बघितलं, ते समोर क्रूसाकडं बघत होते. माझा माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता. घरात, नऊ वर्षांच्या पोरीमार्फत खोटं बोलणं मी समजू शकत होते, किंवा समजून घेतलं होतं. पण इथं, वेदीसमोर, पांढऱ्या झग्यात?

राहेलमावशीनं पप्पांकडं बराच वेळ बघितलं. मग तिनं माझ्याकडं तोंड केलं.

"दारात हे लेकरू आलं हुतं. ह्यानंच मला सांगितलं, पप्पा घरी न्हाईत. इस्तेर, तू खरं बोलली हुतीस का?"

अख्खा मांडव माझ्याकडं वळला. अध्यक्ष बिशपही वळले. पप्पा मात्र वळले नाहीत. माझ्या हातात माइक होता हे मी विसरले होते. मी म्हटलं, "हो." तो शब्द भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला, चर्चच्या भिंतीला लागून परत आला, आणि मला तो दुसऱ्यांदा ऐकावा लागला.

राहेलमावशी म्हणाली, "मग माझं काई म्हणणं न्हाई," आणि शेजारणीचा खांदा धरून खाली बसली.

अध्यक्ष बिशपनी सुटकेचा श्वास सोडलेला मी जवळून बघितला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, या मनुष्याला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे काय? उत्तर सुरू करून देणं हे माझं काम होतं. मी ते केलं. होय, आमची इच्छा आहे. बायकांनी पहिल्यांदाच सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, एकीचाही शब्द मागं पडला नाही. मग तीन बिशपनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवले, अंगठी घातली, काठी दिली, आणि जांभळा झगा चढवला. झगा अगदी मापात बसला होता. दुपारी पंगती उठल्या. राहेलमावशी दुसऱ्या पंगतीला जेवली आणि नंतर नेहमीप्रमाणं मैदान झाडायला लागली. पाहुणे निघून गेल्यावर पप्पा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, हो. तेही खरं नव्हतं. त्यानंतर पप्पा गेले तोवर आमच्यात हा विषय निघाला नाही.

पप्पा चांगले बिशप झाले, हे मी मुलगी म्हणून नाही, धर्मप्रांतात राहिलेली बाई म्हणून सांगते. वसतिगृहं काढली, पाळकांचे पगार वेळेवर केले, खेडोपाडी फिरले. आणि तीनेक वर्षांनी ते एकदा गावी आले, कब्रस्तानाची नाल्याकडची भिंत पाडायला लावली आणि दहाबारा फूट पुढं नव्यानं बांधून घेतली. योहान आत आला. पप्पांनी पूर्ण पोशाखात, डोक्यावर उंच टोपी घालून, त्या बाभळीखाली दफनाची सगळी प्रार्थना म्हटली. राहेलमावशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिनं सगळी उत्तरं दिली. मी तिथं रडले, आणि मनात म्हटलं, फिटलं एकदाचं. त्या समजुतीवर मी पुष्कळ वर्षं काढली.

पप्पांच्या मागं चारपाच वर्षांनी राहेलमावशी अंथरुणाला खिळली. भाचीनं तिला वसमतला आपल्याकडं आणलं होतं. मी तिला भेटायला मोसंबी घेऊन गेले. मी शाळेत शिकवायची तेव्हा, दोन मुलं होती, केस पिकायला लागले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मीच, का कुणास ठाऊक, म्हटलं, मावशी, काही म्हण, पप्पांनी शेवटी योहानभाऊला आत घेतलं.

ती म्हणाली, "व्हय, घेतलं. त्यांचं त्यांनी केलं." मग म्हणाली, "त्या दिशी ते आतून तुला काय बोलले, ते मी ऐकलं हुतं. दाराला पडदाच हुता नुसता."

मी मोसंबी सोलत होते. मला तिच्याकडं बघवेना. मी विचारलं, मग सगळं ठाऊक असून मांडवात मला काहून विचारलंस?

"दारात आलीस तवा लेकरू हुतीस, तुला काय बोल लावायचा? मांडवात काई लेकरू न्हवतीस. म्हणलं, ही सांगल." तिचा आवाज रागाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "तू हो म्हणलीस, मग मी बसले. बाप म्हणतो घरी नव्हतो, लेकबी तेच म्हणती, मग झाडणारीला कोन खरं धरतंय?"

तिनं मोसंबीची एक फोड खाल्ली, बाकी नको म्हणाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, माफी तरी मागायला हवी होती. बस चुकेल असं सांगून मी उठले. महिन्याभरात ती गेली. तिला योहानच्या शेजारी पुरलं, भिंतीच्या आत. मी गेले होते, मूठभर माती टाकली. तिथं कबरीभोवती निम्मं गाव होतं, जुने कमिटीवाले होते, सांगायचं तर सगळे ऐकायला होते. तेव्हाही सांगितलं नाही.

पप्पांना मानणारी माणसं अजून खूप आहेत. काहींच्या घरात त्यांचा फोटो आहे, माझ्याही आहे. त्यांना हे वाचून वाईट वाटेल, आणि म्हातारपणी हिला काय सुचलं असंही वाटेल. त्यांनी खुशाल म्हणावं. योहानला पुरला त्या दुपारी माझे वडील घरी होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहून राहेलमावशीला खोटं सांगितलं, आणि अकरा वर्षांनी तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, तेव्हा मी पुन्हा खोटं बोलले.